आधी फाइल उघडा, मग अर्ज भरा: लोकसंख्येच्या अभ्यासकांसाठी

अर्ज वाचून द्या म्हणून जी मुलं-मुली माझ्याकडे येतात, त्यांना मी सगळ्यात आधी एकच विचारते: कोणत्या सर्वेक्षणाची मूळ फाइल तुम्ही स्वतः उघडून पाहिली आहे? अहवाल वाचलेले पुष्कळ भेटतात, फाइल उघडलेले थोडे. फेलोशिप असो, पीएचडीचा प्रवेश असो की प्रोजेक्टवरची नोकरी, निवड समितीत बसलेली माणसं हेच शोधत असतात, की या उमेदवाराने आकडे हाताळले आहेत का आणि त्यातून त्याला काही विचारायचं आहे का. म्हणून पैशांची माहिती इथे जरा उशिरा येईल.

मी परभणी जिल्ह्यातली. स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी केलं, मग देवनारच्या आयआयपीएसमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत शिकले, आणि आता सर्वेक्षणांच्या विश्लेषणाचं काम करते. १९५६ मध्ये सुरू झालेली ही संस्था गोवंडी स्टेशनपासून जवळच आहे. तिथल्या कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता जी माहिती कानावर पडते, ती सेलू-जिंतूरच्या कॉलेजात बसून मिळत नाही. हा लेख त्या मुलांसाठी.

सुरुवात एनएफएचएसपासून करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. ७०७ जिल्हे, ६ लाख ३६ हजारांहून जास्त कुटुंबं. व्यक्तिगणिक नोंदींच्या फाइली डीएचएस या, अनेक देशांतल्या लोकसंख्या-आरोग्य सर्वेक्षणांच्या कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर, आपलं नाव आणि अभ्यासाचं थोडक्यात वर्णन देऊन, मोफत मागता येतात. परवानगी ज्याच्या नावावर, फाइल त्यानेच वापरायची. मित्राला पेन ड्राइव्हवर देणं नियमात बसत नाही. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यामुळे स्टाटा या विकतच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी थांबून राहू नका.

पहिला सराव असा करा: छापलेला एखादा आकडा स्वतः काढून जुळवून बघा. माझ्याच जिल्ह्याचं उदाहरण घेते. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षं पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, आणि परभणीत ४८ टक्के. स्त्रियांची फाइल उघडा, परभणी निवडा, २० ते २४ वयाच्या सगळ्या स्त्रिया घ्या. अविवाहितही घ्या, कारण भाजकात त्या आहेतच. फाइलीत व्ही००५ नावाच्या रकान्यात भारांक असतो, म्हणजे नमुन्यातल्या त्या स्त्रीला हिशोबात किती वजन द्यायचं तो आकडा. त्याला दहा लाखांनी भागा आणि तो भार लावून टक्केवारी काढा. आकडा जुळला नाही तर का जुळला नाही ते शोधा. या शोधात प्रश्नावली वाचावी लागते, नमुना कसा निवडला ते समजून घ्यावं लागतं, आणि तेच शिक्षण वर्गात राहून जातं. एक सावधगिरी मात्र बाळगा. कौटुंबिक हिंसाचाराचे किंवा पुरुषांच्या मुलाखतीतले प्रश्न सगळ्या कुटुंबांना विचारलेले नसतात. ते थोड्या कुटुंबांपुरते असतात आणि राज्याच्या पातळीवरच वापरायचे असतात. ‘माझ्या जिल्ह्यातला कौटुंबिक हिंसाचार’ असा विषय एनएफएचएसवर उभा करून आणलेला प्रस्ताव परीक्षक पहिल्या पानावरच बाजूला ठेवतो.

आकडा जुळला की प्रश्न सुचायला लागतात. परभणी आणि बीड हा ऊसतोड मजुरांचा पट्टा. गाळप हंगाम सुरू झाला की जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. महाराष्ट्रातली एनएफएचएस-५ची पाहणी २०१९ च्या उत्तरार्धात झाली. मग दिवाळीनंतर ज्या गावात पाहणी पथक पोचलं, तिथे कोणती घरं कुलूपबंद होती? जी कुटुंबं फडावर होती, त्यांच्यातलं लग्नाचं वय नमुन्यात कितपत आलं? हा प्रश्न कुठल्याही देशातल्या लोकसंख्याशास्त्रज्ञाला तुम्ही दोन मिनिटांत समजावून सांगू शकता, आणि तो तुमच्याइतका जवळून बघितलेला माणूस त्याच्या वर्गात नसेल. ‘भारतातील बालविवाह: एक अभ्यास’ आणि हा प्रश्न यांच्यात निवड समितीला क्षणात फरक कळतो. मला मनापासून वाटतं की आपल्या भागातल्या मुलांचं खरं भांडवल हेच आहे, आणि ते अर्जात लिहायला ती संकोचतात. संकोचू नका. एका पानावर लिहा: प्रश्न काय, कोणता डेटा, त्या डेटाने काय कळेल आणि काय कळणार नाही. ‘काय कळणार नाही’ हा परिच्छेद गाळू नका. अर्जाला वजन त्यानेच येतं.

एनएफएचएसवरच अडकून राहू नका. वृद्धांवर काम करायचं असेल तर लासी आहे. ४५ आणि त्यापुढच्या वयाच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची ही पाहणी आयआयपीएस, हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी मिळून केली. तीच कुटुंबं काही वर्षांनी पुन्हा गाठणारं आयएचडीएस, म्हणजे भारत मानव विकास सर्वेक्षण, दिल्लीची एनसीएईआर ही आर्थिक संशोधन संस्था आणि मेरीलँड विद्यापीठाचं आहे, २००४-०५ आणि २०११-१२ च्या फेऱ्या खुल्या आहेत. एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा, ७५ वा फेरा आरोग्यावरचा, ६४ वा स्थलांतरावरचा. दोन्हींचा डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या पोर्टलवर मिळतो. एकाहून जास्त स्रोत हाताशी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएआयडी या आपल्या परदेशी मदत संस्थेचा निधी थांबवला आणि अनेक देशांत चालणारा डीएचएस कार्यक्रम एकदम अडचणीत आला. ज्यांचा सगळा प्रबंध त्या पुढच्या फेऱ्यांवर टेकला होता, त्यांना विषय बदलावे लागले.

आता पैसे. भारतात पीएचडी करायची तर पहिला दरवाजा यूजीसी-नेटचा. लोकसंख्या अभ्यास हा त्यात स्वतंत्र विषय आहे, क्रमांक १५. परीक्षा साधारण जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर दरमहा ३७ हजार रुपये, दोन वर्षांनी सीनियर झाल्यावर ४२ हजार, आणि घरभाडं वेगळं. जेआरएफला वयाची अट ३० वर्षांची आहे. मुलींना आणि राखीव प्रवर्गांना त्यात सूट मिळते. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर या केंद्रीय संशोधन परिषदेची डॉक्टरल फेलोशिप आहे, तिची जाहिरात वेगळी निघते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या संस्था आहेत आणि त्यांच्याकडे लोकसंख्या विषयातले अर्ज मला फारच कमी दिसतात. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी पुण्याचीच सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. तिन्हींकडे पीएचडीसाठी फेलोशिप आहे. इथे गुणवत्तेपेक्षा कागदावर माणूस जास्त अडतो. पीएचडी नोंदणीचं पक्कं पत्र, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर चालू मुदतीचं नॉन-क्रीमी लेयर, अधिवास. जाहिरात आल्यावर तहसील कचेरीत धावायचं नाही, हे सगळं आधीच एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवायचं. आणि कोणतीही फेलोशिप मिळाली तरी पहिला हप्ता हातात पडायला वेळ लागतो. तोवरची खोली-मेसची सोय घरच्यांशी बोलून ठरवा.

परदेशात पदवीसाठी जायचं असेल तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. सर्वांसाठी जे. एन. टाटा एन्डाउमेंट आहे, १८९२ पासून. ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, म्हणजे परत फेडायची असते, हे घरी नीट सांगा.

पण पीएचडी इथेच करत असाल तर मी ज्या संधीच्या मागे लागायला सांगते ती ऑस्ट्रियातली. व्हिएन्नाजवळ लाक्सनबुर्गला आयआयएएसए ही संस्था आहे. तिथे जून ते ऑगस्ट असे तीन महिने तरुण शास्त्रज्ञांसाठी उन्हाळी कार्यक्रम चालतो, १९७७ पासून. शिक्षण, वय आणि स्त्री-पुरुष यांनुसार लोकसंख्येचे भविष्यातले अंदाज मांडण्याचं मोठं काम या संस्थेत झालं आहे. भारत टायफॅक या केंद्र सरकारच्या तंत्रज्ञानविषयक परिषदेमार्फत तिचा सदस्य असल्याने भारतीय संशोधकांना आर्थिक मदतीचा मार्ग आहे. अर्ज साधारण शरद ऋतूत उघडतात आणि जानेवारीत बंद होतात. तयारी दसऱ्याला सुरू करा. तिथल्या लोकसंख्या विभागात आत्ता कोण कशावर काम करतंय ते वाचा आणि तुमचा तीन महिन्यांचा प्रस्ताव त्यांच्या कामाला कुठे जोडला जातो ते स्पष्ट लिहा. सबंध प्रबंधाचा सिनॉप्सिस पाठवू नका. तीन महिन्यांत एक शोधनिबंध होईल एवढाच तुकडा कापून पाठवा. ऊसतोडीचं उदाहरण घेतलं तर ‘हंगामी स्थलांतरित धरले तर जिल्ह्याच्या जननदराचा अंदाज किती बदलतो’ एवढं पुरे.

युरोपियन डॉक्टरल स्कूल ऑफ डेमोग्राफी हीदेखील पीएचडीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्यांसाठी चांगली. फी नाही, राहण्याचा खर्च मात्र स्वतंत्रपणे बघावा लागतो, आणि गणिताची तयारी चांगली लागते. जीवनसारणी, म्हणजे वयागणिक मृत्यूंवरून आयुर्मान काढायचा तक्ता, हाताने करता येत नसेल तर आधी ती शिका. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप सहा ते नऊ महिन्यांची आहे. तिथल्या गाइडचं निमंत्रण पत्र हातात असेल तर अर्ज भक्कम होतो.

परिषदांबद्दल थोडक्यात. आययूएसएसपी या लोकसंख्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेची आंतरराष्ट्रीय परिषद चार वर्षांनी भरते, शेवटची जुलै २०२५ मध्ये ब्रिस्बेनला झाली. मधल्या काळात आशियाई लोकसंख्या संघटनेची परिषद असते, २०२४ मध्ये ती काठमांडूला होती. पण पहिला पेपर आपल्या आयएएसपीच्या, म्हणजे भारतातल्या लोकसंख्या अभ्यासकांच्या संघटनेच्या, वार्षिक परिषदेत वाचा. तिथे तुमचा भावी परीक्षक, भावी बॉस आणि तुमच्याच विषयावर काम करणारी दुसऱ्या राज्यातली मुलगी एकाच जेवणाच्या रांगेत भेटतात. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांपासून लांब राहा. रॉस्टॉकच्या माक्स प्लांक संस्थेचं डेमोग्राफिक रिसर्च लेखकाकडून पैसे घेत नाही आणि वाचकाकडूनही नाही. संपादक नाकारतील, पण बहुतेक वेळा का नाकारलं ते कळेल.

नोकरीसाठी प्राध्यापकीचीच वाट पाहायला हवी असं नाही. आरोग्य मंत्रालयाची देशात १८ लोकसंख्या संशोधन केंद्रं आहेत, त्यातलं एक पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये. पुण्याजवळ वढूला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून गावागावांतल्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची सलग नोंद ठेवली आहे. गडचिरोलीत सर्च ही गावांतल्या आरोग्यावर काम आणि संशोधन करणारी संस्था आहे. अशा ठिकाणी एक-दोन वर्षं काढलेला माणूस मृत्यूची नोंद कशी सुटते हे जाणतो, आणि ती जाण पुढे प्रत्येक मुलाखतीत दिसते. आकडेशास्त्राची पदवी असेल तर यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा ३० वर्षांच्या आत देऊन टाका. शिवाय जनगणना येते आहे. २०११ नंतरची पहिली, संदर्भ तारीख १ मार्च २०२७, जातीच्या नोंदीसह. जिल्हा आणि तालुका पातळीवरचे अंदाज नव्याने मांडणारी माणसं तेव्हा लागतील, आणि ती मराठी वाचता येणारी असतील तर महाराष्ट्राचं काम चांगलं होईल.

शेवटचं, शिफारसपत्रांचं. सरांना किंवा मॅडमना मुदतीच्या आदल्या दिवशी फोन करू नका. महिनाभर आधी भेटा, सोबत अर्ध्या पानाचं टिपण द्या: कुठे अर्ज करताय, प्रश्न काय, त्यांच्या वर्गात तुम्ही कोणता प्रकल्प केला होता, मुदत कोणत्या तारखेला. आणि जुळलेला आकडा, तो काढणारी कोडची फाइल आणि ते एक पान त्यांना ईमेलने पाठवून ठेवा. पत्र लिहिताना त्यांना तेच लागतं.