जुनी डिझेल गाडी धूर ओकते? इंजिन खोलण्याआधी या चुका टाळा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ लागला की एखादी जुनी सुमो किंवा टाटा ४०७ टेम्पो मागच्या दुचाकीवाल्याचं तोंड काळं करते. मालकालाही ते आरशात दिसतं. तो गॅरेज गाठतो आणि "धूर मारतेय, बघा जरा" एवढंच सांगून चावी देतो. खर्च वाढायला सुरुवात इथूनच होते. धूर कुठल्या रंगाचा, इंजिन गार असताना येतो की तापल्यावर, सपाटीवर येतो की चढावर, वास कसा आहे, हे सांगितलं नाही तर मिस्त्री अंदाजानेच पार्ट बदलणार.

काळा धूर दिसला की थेट नोझल-पंपाला हात घालणं

काळा धूर म्हणजे जेवढं डिझेल जातंय त्या मानाने हवा कमी पडतेय. तरी सगळ्यात आधी काढले जातात ते नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्या. हवेची बाजू तपासायला जवळपास काहीच खर्च येत नाही, म्हणून सुरुवात तिथून करा. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. मेट्रो ४ च्या कामाने घोडबंदर पट्ट्यात उडणाऱ्या धुळीतून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर मॅन्युअलमध्ये छापलेल्या किलोमीटरपर्यंत टिकेल असं धरू नका. तोच फिल्टर कंप्रेसरच्या जोरदार हवेने झाडून पुन्हा बसवणं तर फार महागात पडतं. कागदाला बारीक चीर जाते, धूळ टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) पात्यांवर आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरते, पिस्टनच्या रिंगा झिजतात आणि आज काळा धूर देणारी गाडी पुढे निळा, म्हणजे ऑइल जळण्याचा धूर देऊ लागते.

टर्बो असेल तर टर्बोपासून इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीपर्यंतचे) होज पाईप हाताने दाबून बघा. क्लिपच्या खाली पडलेली चीर वरून दिसत नाही. पाईपाभोवती ताजा तेलकट डाग आणि चढावर 'फुस्स' असा आवाज आला तर हवा तिथूनच निसटतेय.

गॅरेजच्या दारात न्यूट्रलवर रेस देऊन "आता बरोबर आहे" म्हणणं हीसुद्धा मोठी चूक. बिनलोडच्या इंजिनात हे पाईप सहसा बोलत नाहीत. गाडी पारसिक हिलच्या किंवा गायमुखच्या चढावर न्या, तिसऱ्या गिअरमध्ये दाबून चढवा आणि मागच्या गाडीत बसलेल्या कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीने ॲक्सिलरेटर दाबल्या क्षणी काळी झुळूक सोडली तर घाबरू नका. पूर्ण चढभर काळा पट्टा सुटला, तरच तो दोष.

ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकला तरीही काळा धूर येतो, तोही बघून घ्या. एवढं करून भागलं नाही, तर मग नोझल. साधे नोझल टेस्टरवर लावून फवारा बघता येतो. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे एकाच जादा दाबाच्या नळीतून (रेलमधून) सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं तिथे, इंजेक्टरच्या रिटर्न पाईपांना बाटल्या लावून कुठला जास्त डिझेल परत सोडतोय ते मोजतात. ही टेस्ट न करता चारही इंजेक्टर बदला म्हणणाऱ्याला थांबवा. आणि चालू इंजिनात रेलची गळती बोटाने चाचपू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

पीयूसीसाठी (धुराच्या तपासणीसाठी) इंजिनाच्या पंपातून जाणारं डिझेल कमी करून घेणारेही पुष्कळ आहेत. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला धुराच्या दाटपणाची मर्यादा मशीनवर २.४५, बीएस-४ ला १.६२. पंप आवळून आकडा खाली येतो खरा, पण मूळ दोष आत तसाच राहतो आणि भरलेली गाडी चढावर दम तोडते. त्यापेक्षा टेस्टआधी गाडी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर थोडी मोकळी पळवा. ट्रॅफिकमध्ये साचलेली काजळी झडते आणि इंजिन तापलेलं राहतं.

पांढऱ्या धुराला थंडीचं कारण देणं

ठाण्यात आणि नवी मुंबईत थंडी ती किती! सकाळी धूर येत राहिला, डोळे चुरचुरले आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर आधी हीटर प्लग (गार इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) तपासा. मल्टिमीटरवर चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. प्लग ठीक असतील तर पंपाचं टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) बघावं लागतं. कॉम्प्रेशन डिझेलच्या गेजनेच मोजा, पेट्रोलचं गेज एवढा दाब झेलत नाही. पावसाळ्यात पेट्रोल पंपावर डिझेल भरल्यावर लगेच पांढरा धूर आणि धक्के सुरू झाले तर डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा.

इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि कूलंट कमी होत असेल तर संशय हेड गॅस्केटवर (इंजिनाचं वरचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगवर) जातो. पण कॉमन रेल गाडीत ईजीआर कूलरही (इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने गार करणारा) असाच गळतो. हेड उतरवण्याआधी तो तपासून घ्या.

निळ्या धुराला 'इंजिन गेलं' समजणं

डिपस्टिक बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असेल तर तेच जळतंय. ट्रॅफिकमध्ये बराच वेळ उभं राहून निघताना निळा लोट आला तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील बघा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उलटं ठेवा: ते उडालं किंवा भकाभका वाफ आली तर रिंगांचं काम निघालं समजा.

टर्बोचं सील मात्र उद्यावर ढकलू नका. त्यातून ऑइल हवेच्या पाईपात साचतं आणि कधीतरी इंजिन तेच जाळत आपोआप रेस पकडतं. चावी काढली तरी बंद होत नाही. अशा वेळी वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. नाहीतर इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरा. हात किंवा कपडा तिथे नेऊ नका. बंद झाल्यावर पुन्हा स्टार्टर मारू नका. गाडी टो करून न्या आणि इंटरकूलरमधलं ऑइल पूर्ण काढल्याशिवाय ती चालू करू देऊ नका.