शस्त्रांच्या दालनाचं नाट्यगृह करताना

नाट्यगृह करण्यासाठी नागपूरच्या कामठी रोडवरची ती इमारत ताब्यात आली, त्या दिवशी मी मधोमध उभी राहून एक टाळी वाजवली. टाळीचा आवाज छताला जाऊन परत आला आणि बराच वेळ घुमत राहिला. वीस वर्षं पडद्यामागे काढलेल्या माणसाला तेवढ्यावरून कळतं की इथे संवादाचं शेवटचं अक्षर ऐकू येणार नाही. तरी पहिला खर्च आवाजावर करायचा नाही. आधी इमारत नीट रिकामी करायची. ही आधी छावणीची कोठी होती, नंतर माजी सैनिकांच्या एका संस्थेचं छोटं संग्रहालय. तुमच्या हातात अशी जागा आली असेल, तर आम्ही काय केलं आणि कुठे चुकलो ते सांगते.

कागद आधी बघा. कामठीची छावणी १८२१ची. छावणीच्या हद्दीत सातबारा चालत नाही, तिथे जनरल लँड रजिस्टरचा, म्हणजे छावणीच्या जमिनींच्या नोंदवहीचा, उतारा काढावा लागतो. ‘ओल्ड ग्रँट’ असेल तर इमारत तुमची असली तरी खालची जमीन सरकारची असते, आणि वापर बदलायचा तर परवानगी लागते. इमारत शहरात असेल तर वारसा यादीत तिचं नाव आहे का, कोणत्या श्रेणीत आहे, हे बघा. नाव असेल तर एक खिडकीसुद्धा वारसा समितीला विचारल्याशिवाय हलवू नका. आमचे सहा महिने याच फेऱ्यांत गेले. आज वाटतं, त्या सहा महिन्यांत आम्ही भिंतींना हात लावू शकलो नाही हे बरंच झालं.

मग वस्तू. संग्रहालय बंद पडलं की लोक घाईघाईत पेटारे भरतात. तसं करू नका. एका जाड रजिस्टरमध्ये प्रत्येक वस्तूचा क्रमांक, फोटो, कुणी दिली आणि कुठे जाणार हे लिहा. बंदूक दिसली तर ती निकामी आहे असं मनाशी ठरवू नका, कागद शोधा. १९५९चा शस्त्र कायदा लागू होतो. शोभेला ठेवलेला तोफगोळासुद्धा उचलू नका, पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला बोलवा. भिंतीवर वाघाचं किंवा सांबराचं मुंडकं असेल तर वनविभागाला कळवा. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या प्रमाणपत्राशिवाय ते ठेवणं गुन्हा आहे. शिवाय जुन्या मुंडक्यांना बहुधा सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, लावलेला असतो, म्हणून मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदा आहे.

या कामात संस्थेच्या जुन्या लोकांना सोबत घ्या. आमच्याकडे एक सुभेदार काका रोज सकाळी नऊला येत. निशाणाचं कापड काढायची वेळ आली तेव्हा मुलं ते खिळ्यासकट ओढायला निघाली होती. काकांनी थांबवलं, एकेक खिळा पकडीने काढला, कापड सुती चादरीत गुंडाळलं आणि सरळ उभे राहून सलाम केला. आम्ही सगळे आपोआप उभे राहिलो. ती वस्तू कुणाची आहे हे मला त्या दिवशी समजलं.

आता भिंती. आमची मोठी चूक इथेच झाली. पहिल्या कंत्राटदाराने ओल दिसली म्हणून उत्तरेच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर मारलं आणि मी ते मारू दिलं. भिंत चुन्यात बांधलेली. पावसाळा आला तशी आतली ओल बाहेर निघेना. पाणी वर चढलं आणि प्लास्टरचे पापुद्रे सुटले. मग एक म्हातारे मिस्त्री मिळाले. त्यांनी भिंतीवर बोटाने ठोकून बघितलं आणि म्हणाले, “ताई, भितीले सिमिट काहून लावलं? थे आतून सडते ना.” सगळं खरडून काढलं. चुना महिनाभर हौदात भिजवला, मग एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग कन्हान नदीची धुतलेली रेती, आणि भिजवलेल्या बेलफळाचं व गुळाचं पाणी. गिलावा झाल्यावर त्यावर ओलं बारदान टाकायचं, ते पंधरा दिवस हलवायचं नाही, आणि हे काम मे महिन्यात काढायचं नाही. नागपूरच्या उन्हात चुना वाळतो, पण धरत नाही.

छताच्या सागवानी कैच्यांना, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटींना, दिवे टांगू नका. जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभा राहणारा लोखंडी पाइपांचा सांगाडा करा. हजार वॅटचे जुने ‘पार’ जातीचे रंगमंचाचे दिवे २४ लावले तर २४ किलोवॅट लागतात. २०० वॅटचे एलईडी लावले तर पाचच्याही आत. जुन्या इमारतीत वायरिंग जितकं कमी तापेल तितकं बरं.

आता त्या टाळीकडे येते. आमचं दालन २० मीटर लांब, ९ रुंद, ६ उंच, म्हणजे १,०८० घनमीटर. घुमण्याचा वेळ मोजला, तो तीन सेकंद. घनफळाला ०.१६१ने गुणून सेकंदांनी भागलं की दालन किती आवाज पितं ते चौरस मीटरमध्ये मिळतं: ५८. संवाद स्वच्छ ऐकू यायला एक सेकंद हवा, म्हणजे १७४. कमी पडले ११६. दीडशे प्रेक्षक बसले की त्यांतले साधारण ६७ भागतात. उरलेल्या ४९साठी शंभर चौरस मीटर जाड, चुण्यांचा सुती पडदा पुरतो. तो भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा; चुन्याला हवा लागते. रंगीत तालमीला प्रेक्षक नसतात, त्यामुळे तेव्हा आवाज घुमणारच, नटांना आधी सांगून ठेवा.

कूलरचा विचार नकाशातच करा. मे महिन्यात ४५ अंशांत त्याशिवाय कुणी बसणार नाही, पण पंख्याच्या घरघरीत स्वगत हरवतं. आम्ही कूलर मागच्या व्हरांड्यात ठेवून रुंद डक्टने हवा आत घेतली. तोंड रुंद असलं की हवा सावकाश येते, आवाज करत नाही. समोरच्या वरच्या खिडक्या उघड्या हव्यात, नाहीतर दमट हवा कोंडते. पावसाळ्यात कूलरचा उपयोग नाही, तेव्हा नुसते मोठे संथ पंखे.

आग आणि परवाने यांत कसूर करू नका. दोन स्वतंत्र वाटा, बाहेर उघडणारी दारं, आणि २००६च्या अग्निशमन कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र. प्रयोगांसाठी पोलिसांचा परवाना वेगळा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा. आमच्या तीन पायऱ्यांसाठी साडेपाच मीटर लांबी लागली आणि त्यासाठी मी तिकीटखिडकी हलवली.

खुर्च्या जमिनीत ठोकू नका. समोरून बघायचं नाटक एक दिवस असेल, पण दंडार किंवा खडी गंमत ही इकडची लोकनाट्यं आली तर लोक चहूबाजूंनी बसले पाहिजेत. घडीच्या खुर्च्या घ्या, पायांना रबरी टोप्या लावा, आणि त्या रचायला एक कोरडी खोली ठेवा. आमच्याकडे ती खोली म्हणजे जुनं शस्त्रागार. त्याच्या दाराशेजारी काकांनी निवडलेले बारा फोटो आणि ते रजिस्टर काचेत आहे, कूलरच्या हवेपासून लांब.