बायपोलर आजार: डॉक्टरांच्या दहा मिनिटांत काय सांगायचं, काय विचारायचं

मानसोपचाराच्या ओपीडीत नंबर लागायला तास-दीड तास जातो आणि आत जेमतेम दहा मिनिटं मिळतात. त्यातली निम्मी "कसं वाटतंय?", "ठीक आहे" यात संपतात. म्हणून तयारी घरून करून जायची.

पहिल्या भेटीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हमखास सांगायची राहते. बायपोलर आजारात मूड काही काळ नैराश्यात, काही काळ तेजीत जातो; आणि माणूस डॉक्टरांकडे जातो तो बहुधा नैराश्यात असताना. तेजीचे दिवस त्याला आजार वाटतच नाहीत, उलट तेवढेच काय ते चांगले दिवस वाटतात. मग निदान होतं नुसत्या नैराश्याचं, आणि मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय एकटी अँटिडिप्रेसंट (नैराश्यावरची) गोळी सुरू झाली तर काही जणांचा मूड थेट मेनियात, म्हणजे टोकाच्या तेजीत, उसळतो. तेव्हा जाण्याआधी स्वतःला आणि घरच्यांना विचारा: तीन-चार तासच झोप होऊनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, डोक्यात बेतच बेत, खर्चाला धरबंध नाही, असे सलग चार दिवस किंवा त्याहून जास्त कधी गेलेत का? उत्तर 'हो' असेल तर विचारण्याची वाट न पाहता सांगा. घराण्यात कुणाला असा त्रास होता का, कुणी आत्महत्या केली होती का, हेही सांगा. ते लपवून कुणाचंच भलं होत नाही.

पुढच्या भेटींसाठी एक पानी नोंद पुरते. तारीख, किती तास झोप, मूड उणे तीन ते अधिक तीन, गोळी घेतली की चुकली, पाळीची तारीख, दारू. वेळ नसेल तर बाकी सोडा, झोप मात्र लिहाच. बऱ्याच जणांत मेनियाची पहिली खूण तिथेच दिसते. "चिडचिड वाढली" या वाक्यावरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. "१२ ते १७ मे, रोज तीन तास झोप, रात्री दोनला नातेवाइकांना फोन, कार्डावर न परवडणारी खरेदी" यावरून पुष्कळ कळतं.

चुकलेल्या गोळ्यांबद्दल खोटं बोलू नका. आठवड्यातून तीन दिवस गोळी चुकते आणि तुम्ही "रोज घेतो" म्हणता. डॉक्टरांना वाटतं डोस पुरत नाही, ते वाढवतात. पुढे आईने गोळ्यांचा डबा भरून रोज समोर ठेवला की तोच डोस अंगावर येतो. गोळी का टाळली, तेही सांगा: वजन वाढलं, सकाळी डोळे उघडत नाहीत, हात थरथरतो, लैंगिक इच्छा गेली. यातल्या बऱ्याच गोष्टींवर वेळ बदलून, डोस कमी करून किंवा औषध बदलून इलाज निघतो. स्वतःहून एकदम बंद करणं हा इलाज नव्हे. मूड स्थिर ठेवणारं लिथियम अचानक सोडलं तर मेनिया परत उसळण्याचा धोका मोठा. बंद करायचंच ठरलं तरी निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन हळूहळू उतरवतात.

लिथियमबद्दल जरा सविस्तर, कारण घोटाळे इथेच जास्त. रक्तातली पातळी मोजायची ती शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. आधी घेतली तर आकडा खोटा वाढतो, डोस विनाकारण कमी होतो. दीर्घकाळच्या उपचारात पातळी साधारण ०.६ ते ०.८ mEq/L, काहींना १.० पर्यंत ठेवतात; १.५ च्या वर विषबाधेचा धोका. डोस बदलला की साधारण आठवड्याने पातळी, नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि सहा महिन्यांतून एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम. रिपोर्टचे कागद फाइलमध्ये तारखेनुसार लावा.

अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की लिथियम साचतं. जुलाब, विदर्भातला मे महिना, हरतालिकेचा निर्जळी उपवास, रोजा, "बीपीसाठी मीठ बंद": यातलं काहीही करण्याआधी विचारा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या आणि बीपीची काही औषधंही पातळी वाढवतात. दात काढायला गेलात तरी "लिथियम चालू आहे" हे सांगायचं. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालते. उलट्या-जुलाब, हाताला ठळक कंप, तोल जाणं, जीभ जड होणं, गोंधळल्यासारखं होणं दिसलं तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठा.

व्हॅल्प्रोएट हे मूड स्थिर ठेवणारं दुसरं औषध लिहून दिलं असेल आणि गर्भधारणेचं वय असेल तर प्रश्न तुम्हीच काढा. बाळाच्या मेंदू-मणक्यावर आणि पुढे बुद्धीवर परिणाम होण्याचा धोका खरा आहे, म्हणून शक्यतो दुसरं औषध निवडतात. दिवस गेल्याचं कळलं तर त्याच दिवशी फोन करा. लॅमोट्रिजिन हळूहळू वाढवतात ते अंगावरच्या गंभीर पुरळाच्या भीतीने. पुरळ दिसली की लगेच कळवा, आणि सलग पाच-सहा दिवस चुकली तर जुन्या डोसवर परस्पर उडी मारू नका. ओलान्झापिन, क्वेटियापिन असेल तर वजन, साखर, कोलेस्टेरॉल कधी तपासायचं ते विचारा.

घरचे सोबत असतील तर आधी रुग्णाने बोलावं, मग त्यांनी. दोन मिनिटं एकट्याशी बोलायची मागणी रास्त आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमची माहिती गोपनीय असते. याच कायद्याने, आजारपणात निर्णयाला मदत करणारी व्यक्ती तुम्हाला नेमता येते: साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा, आणि त्या व्यक्तीची लेखी संमती. हे बरं असताना करा. त्याच कागदामागे लिहून ठेवा: सलग दोन रात्री झोप चार तासांखाली गेली तर कुणाला फोन, एटीएम कार्ड कुणाकडे, कुठलं औषध पूर्वी मानवलं नव्हतं. एक प्रत डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावा.

मरणाचे विचार येत असतील तर ते "वाईट वाटतं" या शब्दांत गुंडाळू नका. किती वेळा येतात, काही ठरवलंय का, घरात गोळ्यांचा साठा किंवा कीटकनाशक आहे का, एवढं थेट सांगा. लिथियमच्या गोळ्या एका वेळी थोड्याच द्याव्यात असं डॉक्टर ठरवू शकतील. भेटीची तारीख लांब असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर मात्र फोनवर बोलत बसू नका: १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, माणसाला एकटं सोडू नका आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.