टाक्यातल्या गोल्डफिशवरची ऊ

साकोलीकडे आमचं गाव. अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात सहा गोल्डफिश. एप्रिलमध्ये मायच म्हणाली, "काऊन रे, मासे भितीले आंग काऊन घासून रायले?" मला वाटलं, उन्हाचं असेल. आठवडा वाया गेला.

मग एकाला पांढऱ्या वाटीत घेऊन पाहिलं. कल्ल्यामागे मसुरीच्या डाळीएवढं, चपटं, पारदर्शक काहीतरी. चिमट्याने टोकलं तर सरकलं! जखम सरकत नाही. ती आरगुलस, म्हणजे माशाची ऊ. मामा (माजी मालगुजारी) तलावातून धुवून न घेता आणलेल्या पाणवनस्पतीतून आली असावी. चूक माझीच.

दिसल्या तेवढ्या चिमट्याने काढल्या. मग 10 लिटर पाण्यात 0.1 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट, अर्धा तास, मासे डोळ्यांसमोर ठेवून. एक तोंड वर काढून धापा टाकू लागला, त्याला लगेच साध्या पाण्यात टाकलं. वजन सोनाराच्या काट्यावर केलं; तो हसला, पण अंदाजाने चिमूट टाकली तर मासाच जातो.

खरी गोम अंड्यांची. मादी मासा सोडून भिंतीवर, दगडावर रांगेने अंडी चिकटवते, त्यांना औषध फारसं लागत नाही. म्हणून मासे ड्रममध्ये हलवले, टाकं खरवडून मे महिन्याच्या उन्हात कोरडं ठेवलं. ड्रममध्ये बांबूच्या कांब्या उभ्या सोडल्या. अंडी त्यांवर पडली की दर चार दिवसांनी कांब्या उन्हात, नव्या आत. तिसऱ्या आठवड्यानंतर कांब्या स्वच्छ निघाल्या. पाच मासे वाचले.