सायरन वाजतो, पण कोणी उठत नाही: मोटरसायकलला अलार्म लावताना या चुका टाळा

माझ्या स्प्लेंडरला पहिला अलार्म लावला तो नवरात्रीच्या तोंडावर. गरब्याच्या मैदानाबाहेर हजारो गाड्यांच्या गर्दीत आपली गाडी तीन-चार तास सोडायची म्हणजे जिवाला घोर, म्हणून. झालं भलतंच. मैदानात ढोल घुमला की माझी गाडी बाहेर साथ द्यायला लागायची. आणि घरी, दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत, रात्री प्रत्येक रिक्षा गेली की सायरन. चौथ्या दिवशी समोरच्या बेन ओट्यावरूनच म्हणाल्या, "भाई, तमारुं बाइक तो आखी रात रडे छे." मी ओशाळून अलार्म लावणंच सोडलं. त्याच आठवड्यात एका सकाळी पेट्रोल कॉकची नळी उपसलेली आणि टाकी कोरडी. अलार्म चालू असता तरी कोण उठलं असतं, हाही प्रश्नच होता.

बडोद्यातल्या ओळखीच्यांच्या गाड्यांवर गेली काही वर्षं मी हे अलार्म लावतोय, काढतोय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. अलार्म चोराला अडवत नाही, तो फक्त शेजाऱ्यांना हाक मारतो. चार वेळा उगाच मारलेली हाक पाचव्यांदा कोणी ऐकत नाही.

उगाच वाजतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा सेन्सरमध्ये

धक्का ओळखणारा सेन्सर कंट्रोल बॉक्सच्या आतच असतो. फिटर घाईत असला की तो बॉक्स सीटखाली नुसता कोंबतो किंवा दुहेरी टेपनं साइड पॅनेलला चिकटवतो. पॅनेल पातळ प्लास्टिकचं, वाऱ्यानंही थरथरतं. शिवाय मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की टेपचा गोंद सुटतो आणि बॉक्स आत खुळखुळायला लागतो. बॉक्स चॅसिसच्या लोखंडाला केबल टायनं घट्ट आवळा. एवढ्यानंच निम्म्या तक्रारी संपतात असा माझा अनुभव.

मग संवेदनशीलता. बॉक्सवर छोटा स्क्रू असतो किंवा रिमोटवरून पायऱ्या बदलता येतात. दुकानातून ती बहुतेकदा सगळ्यात वर ठेवून येते, कारण गिऱ्हाइकासमोर टिचकी मारून वाजवून दाखवायचं असतं. गाडी रोज जिथे आणि ज्या स्टँडवर उभी करता, तिथेच आणि त्याच स्टँडवर ती जुळवा; साइड स्टँड आणि मधला स्टँड यांत फरक पडतो. टायरला पायानं हलकेच ढकलल्यावर वाजायला नको. हँडल जोरात फिरवलं किंवा गाडी स्टँडवरून उतरवली की वाजलाच पाहिजे. या दोन टोकांच्या मध्ये ती पायरी सापडते. दोन रात्री लागतात, त्या द्या.

गाडी लावल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच वाजत असेल तर सायलेन्सर निवताना होणारी टिकटिक कान देऊन ऐका. स्वस्त सेन्सरला तेवढीही पुरते. आणि मांजर. उबदार सीटवर मांजर बसतं, यावर माझ्याकडे उपाय नाही.

बॅटरी उतरते

इथे थोडं गणित करूच. स्प्लेंडर किंवा ॲक्टिव्हासारख्या गाडीची बॅटरी साधारण 3 ॲम्पिअर-अवरची, बुलेटची 8 च्या आसपास. अलार्म पहाऱ्यावर असताना 5 मिलीॲम्पिअर घेत असेल तर दिवसाला 0.12 ॲम्पिअर-अवर जातात. लहान बॅटरी निम्मी व्हायला बारा दिवस लागतात. पण तोच अलार्म 20 मिलीॲम्पिअर ओढत असेल तर तीन दिवसांत निम्मी आणि आठवडाभरात रिकामी. मुंजीला आठ दिवस पुण्याला जाऊन आलात की गाडी मुकी. लोक बॅटरीला शिव्या देतात, नवी आणतात, तीही तशीच उतरते.

विकत घेतानाच माहितीपत्रकावर हा आकडा शोधा. तो छापलेलाच नसेल तर मी ती वस्तू घेत नाही, सायरन कितीही मोठा असो. लावून झाला असेल तर मोजता येतं: किल्ली बंद, अलार्म चालू, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि ती तार व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडा. आधी 10 ॲम्पिअरची खाच वापरा, आकडा लहान दिसला तरच मिलीॲम्पिअरवर या. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. मग अलार्मचा कपलर, म्हणजे तारांचा जोड-प्लग, काढून पुन्हा मोजा, म्हणजे कोण किती पितंय ते समोर येईल.

वीज थेट बॅटरीवरून घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. फ्यूज दुसऱ्या टोकाला असला तर मधली तार चॅसिसला घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही. जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नव्हे, मॅग्नेटोवर (इंजिन फिरलं तरच वीज देणारा जनित्र) चालतो, त्यामुळे हाताला लागेल त्या तारेवरून वीज घेऊ नका. जोड सोल्डरचा आणि वरून स्लीव्ह. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळली की उन्हाळ्यात ती उलगडते.

चालती गाडी बंद पडणं: ही चूक जिवावरची

मावसभावाची पल्सर अकोटा पुलावर भर रहदारीत बंद पडली. पेट्रोल होतं, प्लग ठीक होता. खिशातल्या रिमोटचं बटण किल्ल्यांच्या जुडग्यानं दाबलं गेलं होतं आणि अलार्मनं इंजिनचा करंट तोडला होता. गाडी हिसकावून पळणाऱ्यासाठी ठेवलेली ही सोय. आमच्याकडे ती फक्त मालकालाच पाडते.

म्हणून मी इग्निशनची तार तोडून अलार्ममधून फिरवत नाही. त्यातून 2020 नंतरच्या बीएस-सिक्स गाड्यांत पेट्रोल इंजेक्शन आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, आले. त्या तारांच्या जुडग्याला कात्री लावली की वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं. गाडीला फक्त सेल्फच असेल तर स्टार्टर रिलेची (सेल्फला वीज सोडणाऱ्या विजेवरच्या स्विचची) तार अलार्ममधून न्या. चोराचं सेल्फ लागणार नाही आणि रस्त्यात काही बिघडलं तरी चालतं इंजिन चालतच राहील. ढकलून सुरू करता येतं, मान्य. किक असलेल्या गाडीत मात्र याचा उपयोग नाही. तिथे इग्निशनच तोडायचं ठरवलं तर पाच पायांच्या रिलेचा 87ए हा पाय वापरा. रिलेला वीज नसताना तो जोडलेला असतो, म्हणजे अलार्म मेला तरी गाडी चालते. चोरानं अलार्मची वीज तोडली तरीही चालेल, हा तोटा आहे. पुलावर आडवं पडण्यापेक्षा मला तो परवडतो.

रिमोटनं गाडी सुरू करण्याची तार तर मी जोडतच नाही, टोकाला स्लीव्ह घालून ठेवून देतो. उतारावर गाडी गिअरमध्ये लावायची आपल्याकडे सवय. रिमोट दाबला की ती स्टँडसकट पुढे उडी मारते.

बाकीचं थोडक्यात

रिमोट जवळूनच चालतो? आधी त्याचा सेल बदला. नाही जमलं तर बॉक्समधून निघणारी एक मोकळी, कुठेही न जोडलेली तार शोधा. ती अँटेना. 433 मेगाहर्ट्झसाठी ती साधारण 17 सेंटिमीटर असते. फिटर तिला फालतू समजून कापतात किंवा चॅसिसला गुंडाळतात. सरळ आणि लोखंडापासून सुटी ठेवा. खरेदी करताना रोलिंग कोडचा, म्हणजे दर वेळी संकेत बदलणारा रिमोट मागा. साधा रिमोट दर वेळी एकच संकेत पाठवतो आणि तो पकडून पुन्हा सोडता येतो.

सायरनचं तोंड खाली हवं, पाणी निथळून जातं. बॉक्स जमेल तितका उंच. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तशा पाण्यात गाडी उभी राहिलीच तर किल्ली फिरवण्याआधी अलार्मचा फ्यूज काढा आणि बॉक्स पूर्ण वाळेपर्यंत परत लावू नका.

जीपीएस ट्रॅकर घ्यायचा असेल तर तो टू-जी सिमचा आहे का ते पाहा. जिओचं टू-जी नाही, त्यामुळे तसल्या ट्रॅकरमध्ये जिओचं सिम चालणार नाही. सिमचं रिचार्ज संपलं की ट्रॅकर म्हणजे नुसता डबा. हँडल लॉक आणि डिस्क लॉक मात्र अलार्म असला तरी लावायचेच. आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या सांभाळा, चोरीच्या दाव्यात विमा कंपनी त्या मागते. गुजरातेत वाहनचोरीसाठी 2022 पासून ई-एफआयआरची सोय आहे, गाडी गेलीच तर पहिलं ते.

माझा अलार्म मी पुन्हा बसवला, बॉक्स चॅसिसला आवळून, सेन्सर दोन पायऱ्या खाली आणून. महिनाभर एकदाही वाजला नाही. मग एका पहाटे वाजला आणि मी जागा होण्याआधी समोरून हाक आली, "भाई, तमारुं बाइक वाग्युं, जुओ तो!" खाली धावलो. दूधवाला आपली सायकल काढायला माझी गाडी सरकवत होता.