एनबीएचा ऑफसीझन: संघ बांधताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये जून संपता संपता ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात (या निवडीच्या हक्काला ‘पिक’ म्हणतात). आणि ३० जूनच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेतीनला, फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंची बोली, सुरू होते. पुढच्या आठवडाभरात घेतलेले निर्णय निस्तरायला संघांना पाच-पाच, सात-सात वर्षं लागतात. चाहते कोण आला आणि कोण गेला एवढंच बघतात, पण माझ्या मते संघ बुडतात ते घाईमुळे. आपल्या आवडत्या संघाचा ऑफसीझन जोखायचा असेल तर आधी या चुका तपासा.

या वर्षासाठी पुढची पिक्स गहाण टाकणं

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक, म्हणून जरा सविस्तर. २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स यांना आणलं. गार्नेट ३७ वर्षांचा, पिअर्स ३५ चा. बदल्यात बॉस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८ ची पहिल्या फेरीची पिक्स मिळाली. शिवाय २०१७ साठी अदलाबदलीचा हक्क, म्हणजे दोघांपैकी ज्याचा क्रमांक वरचा तो बॉस्टनने घ्यायचा. लागोपाठच्या दोन वर्षांची पहिल्या फेरीची पिक्स देऊन टाकता येत नाहीत, असा लीगचा नियम आहे. पण एक वर्ष पिक आणि एक वर्ष अदलाबदल असं केलं की नियम पाळूनही तिजोरी रिकामी होते. या जोडीने नेट्सला प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांची, एकच मालिका जिंकून दिली.

दोन वर्षांनी सॅक्रामेंटो किंग्जने तेच केलं. या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण हा संघ आपुलकीने बघतात, मीही. जुलै २०१५ मध्ये पगारमर्यादेत (संघाने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची लीगने आखलेली मर्यादा) जागा करण्यासाठी किंग्जने तीन खेळाडू फिलाडेल्फियाला जवळपास फुकट दिले. त्यात निक स्टॉस्कस होता, ज्याला वर्षभरापूर्वीच आठव्या क्रमांकावर निवडलं होतं. वर भविष्यातलं एक पहिल्या फेरीचं पिक आणि २०१६, २०१७ साठी अदलाबदलीचे हक्कही दिले. मोकळ्या झालेल्या पैशांतून राजॉन रॉन्डो आला, तोही एका वर्षाच्या करारावर. पुढच्या उन्हाळ्यात तो निघून गेला.

मग मे २०१७ ची लॉटरी, म्हणजे ड्राफ्टमधले वरचे क्रमांक ठरवणारी सोडत. पहिला क्रमांक नेट्सचा लागला आणि गेला बॉस्टनकडे. तिसरा किंग्जचा लागला, तो फिलाडेल्फियाने घेतला आणि किंग्जच्या हाती पाचवा आला. ड्राफ्टच्या आधी बॉस्टनने पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन तिसरा आणि आणखी एक पहिल्या फेरीचं पिक घेतलं. त्या तिसऱ्या क्रमांकावर त्यांनी जेसन टेटमला निवडलं. २०१६ च्या नेट्सच्या पिकवर जेलन ब्राउन आधीच आला होता. दोन वेगळ्या संघांच्या दोन वेगळ्या उन्हाळ्यांतल्या घाईतून बॉस्टनची जोडी उभी राहिली आणि २०२४ चं विजेतेपद आलं.

पिक द्यायचंच असेल तर ‘पहिल्या दहात आलं तर आमच्याकडेच राहील’ अशी अट घाला. अदलाबदलीच्या हक्काला किरकोळ समजू नका, कारण संघ कोसळला की सगळ्यात जास्त तोच नडतो.

पैसे आहेत म्हणून खर्च करणं

नव्या टीव्ही करारामुळे २०१६ मध्ये पगारमर्यादा एका झटक्यात ७ कोटींवरून ९.४१ कोटी डॉलरवर गेली. सगळ्यांच्याच खिशात पैसा आणि बाजारात खेळाडू मोजके. लेकर्सने टिमोफी मोझगोव्हला चार वर्षांचे ६.४ कोटी दिले आणि लुओल डेंगला ७.२ कोटी. निक्सने जोकिम नोआला तेवढेच दिले. डेंग आणि नोआ दोघंही ३१ वर्षांचे होते. त्या उन्हाळ्यात एक वर्ष कळ काढणं हाच शहाणपणा होता.

आपला माणूस स्वस्तात मिळत असताना थांबणं

डॅलसने जेलन ब्रन्सनला २०१८ मध्ये दुसऱ्या फेरीत ३३ व्या क्रमांकावर घेतलं होतं. २०२१-२२ च्या हंगामाआधी नियमाप्रमाणे त्याला चार वर्षांसाठी सुमारे साडेपाच कोटी डॉलरची करार-मुदतवाढ देता आली असती. ती दिली नाही. मग प्लेऑफमध्ये लुका डॉन्चिच जखमी असताना ब्रन्सनने युटाविरुद्ध दुसऱ्या सामन्यात ४१ गुण ठोकले आणि भाव वधारला. उन्हाळ्यात तो १०.४ कोटींवर निक्सकडे गेला. डॅलसला बदल्यात काहीच मिळालं नाही. चाहत्यांना हे लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

थांबणं नेहमीच चूक असतं असंही नाही. सॅन अँटोनिओने २०१४ मध्ये कवाय लेनर्डची मुदतवाढ मुद्दाम लांबवली. त्याचा करार न झाल्यामुळे पगारमर्यादेच्या हिशेबात त्याच्या नावावर कमी रक्कम धरली जात होती. उरलेल्या जागेत २०१५ मध्ये लामार्कस ऑल्ड्रिजला घेतलं आणि मग लेनर्डशी मोठा करार केला. आधी बाहेरचा, मग घरचा, हा क्रम त्यांनी नीट सांभाळला. डॅलसकडे असं काही गणितच नव्हतं.

मोठ्या नावापायी बाक रिकामा करणं

लेकर्सने २०२१ मध्ये रसेल वेस्टब्रुकसाठी काइल कुझ्मा, केंटेव्हिअस कॉल्डवेल-पोप आणि मॉन्ट्रेझ हॅरेल हे तिघं दिले. त्याच उन्हाळ्यात अ‍ॅलेक्स करुसोला शिकागोकडे जाऊ दिलं. संघाचा मुख्य खेळाडू लेब्रॉन जेम्ससोबत खेळायला बाहेरून नेम धरणारे आणि जीव तोडून बचाव करणारे लागतात, आणि नेमके तेच गेले. निकाल: ३३ विजय, ४९ पराभव.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या करारानंतर हे आणखी महाग झालंय. संघाचा एकूण पगार ‘सेकंड एप्रन’च्या, म्हणजे पगारमर्यादेच्याही बऱ्याच वरच्या एका रेषेच्या, वर गेला की दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. म्हणजे चुकीचा मोठा करार केला की बाहेर पडायचे रस्तेही बंद होतात.

चूक होऊन बसली असेल तर

पहिला उपाय, खेळाडूला सोडून उरलेली रक्कम ताणणं. उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक, इतक्या वर्षांत ती विभागली जाते. फिनिक्सने जुलै २०२५ मध्ये ब्रॅडली बीलबाबत हेच केलं. दोन वर्षं उरली होती, त्यांची पाच झाली, आणि दरवर्षी सुमारे १.९४ कोटी डॉलर संघात नसलेल्या माणसाच्या नावावर. अगदीच नाइलाज असेल तरच हा मार्ग धरावा.

दुसरा उपाय, नकोशा कराराबरोबर तरुण खेळाडू देणं. मोझगोव्हचा करार टळावा म्हणून लेकर्सने २०१७ मध्ये डिअँजेलो रसेलही ब्रुकलिनला दिला. २०१९ मध्ये तो नेट्सकडून ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यात निवडला गेला.

तिसरा उपाय कंटाळवाणा आहे, पण मला तोच पटतो: शेवटच्या वर्षापर्यंत थांबायचं. मेम्फिसने २०१६ मध्ये चँडलर पार्सन्सला चार वर्षांचे ९.४ कोटी दिले. दुखापतींमुळे तीन हंगामांत तो जेमतेम ९५ सामने खेळला. मेम्फिस थांबलं. २०१९ मध्ये, करार शेवटच्या वर्षात आल्यावर, त्यांनी त्याला अटलांटाला देऊन सॉलोमन हिल आणि माइल्स प्लमली यांना घेतलं, आणि त्यासाठी एकही पिक द्यावं लागलं नाही.