कंपॅरेटिव्ह अॅनाटॉमी आणि अप्लाइड झूलॉजीचा अभ्यास करताना या चुका टाळा

मासा, बेडूक, सरडा, कबूतर, ससा असे पाच प्राणी पाच वेगळे धडे म्हणून पाठ करायचे, ही सगळ्यात मोठी चूक. मग पेपरात एऑर्टिक आर्चेसची (हृदयातून निघणाऱ्या धमन्यांच्या कमानींची) तुलना करा असा प्रश्न आला की माहिती भरपूर असते पण जोडायची कशी तेच कळत नाही. त्यापेक्षा एक अवयव धरा आणि तो माशापासून सस्तन प्राण्यांपर्यंत कसा बदलत गेला ते बघा, आणि सुरुवात गर्भापासून करा. भ्रूणात या कमानींच्या साधारण 6 जोड्या बनतात, त्यातली तिसरी डोक्याकडे जाणारी कॅरोटिड होते, चौथी सिस्टेमिक, म्हणजे अंगभर रक्त नेणारी, आणि सहावी फुफ्फुसाकडची. एवढं पक्कं झालं की बेडकात चौथीच्या दोन्ही बाजू राहतात, पक्ष्यात महाधमनी उजवीची बनते आणि सस्तनात डावीची, हे वेगळं रटावं लागत नाही.

आता इथेच डायग्राममध्ये मार्क जातात. व्हेंट्रल व्ह्यूमध्ये (पोटाकडून बघताना) प्राणी पाठीवर झोपलेला असतो, म्हणजे त्याची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येते. कबुतराची महाधमनी उजवीकडे वळते म्हणून बरेच जण ती कागदाच्या उजवीकडे काढतात, आणि चित्र कितीही सुबक असलं तरी ते चूकच. पेन्सिल लावायच्या आधी कागदाच्या कडेला प्राण्याची डावी-उजवी लिहून ठेवा, खरंच फरक पडतो.

दुसरं म्हणजे "अपूर्ण हृदय", "प्रगत हृदय" असले शब्द. माशाचं हृदय त्याच्या कल्ल्यांसाठी पुरेपूर आहे, त्यात काही कमी नाही. आणि सरीसृपांचं हृदय 3 कप्प्यांचं असं सरसकट लिहून मोकळं होऊ नका, मगरीला 4 कप्पे असतात. गंमत म्हणजे 4 कप्पे असूनही तिची डावी एऑर्टा (महाधमनी) उजव्या व्हेंट्रिकलमधून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) निघते, त्यामुळे फुफ्फुस टाळून रक्त अंगात पाठवता येतं. माझ्या मते या भागातलं हे सगळ्यात सुंदर उदाहरण आहे, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) नक्की तयार ठेवा.

होमोलॉजी (अवयवांचा उगम एकच असणं) विचारली की "कशाच्या नात्याने?" हे आधी ठरवा. वटवाघूळ आणि पक्षी यांचे पंख पुढचे पाय म्हणून होमोलॉगस, पण पंख म्हणून अॅनालॉगस (काम सारखं, उगम वेगळा). दोन्ही लिहा.

अप्लाइड झूलॉजीला सोपा पेपर समजून नुसते आकडे घोकणारे खूप असतात. मधमाशीत राणी 16 दिवसांत, कामकरी 21 आणि नर 24 दिवसांत बाहेर येतो, हे सगळ्यांना येतं. पण व्हरोआ माइट या मधमाशीवरच्या परजीवीला पोळ्यातली नरांची घरं जास्त का आवडतात, तर ती जास्त दिवस बंद राहतात आणि माइटला पिल्लं वाढवायला वेळ मिळतो, हे उत्तर त्याच आकड्यांत आहे. रेशीमकिड्याचंही तसंच. पेब्रिन रोग आईकडून अंड्यात जातो, म्हणून अंडी घातल्यावर मादी पतंग चिरडून मायक्रोस्कोपखाली बघतात, रोगाचे स्पोअर (बीजाणू) दिसले तर ती अंडी नष्ट करतात. ही पद्धत पाश्चरने 1860 च्या दशकात बसवली. रोगाचं नाव, कारण, लक्षण लिहून थांबू नका, रोग कसा पसरतो आणि म्हणून नेमकं काय करतात ते लिहा, कारण पेपरच्या नावात अप्लाइड त्यासाठीच आहे.